रोजचे ७८० ग्रॅम

ओमानची लोकसंख्या आता ५२ लाखांच्या घरात आहे. मोठ्या माणसाला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गुणाकार केला, की मस्कतपासून सलालापर्यंतच्या सगळ्या माणसांची एका दिवसाची गरज निघते ७८० ग्रॅम. पुरता एक किलोही नाही. वर्षभराचं धरलं तर २८५ किलो. आयोडीन पाण्याच्या जवळजवळ पाचपट जड असतं, त्यामुळे हे २८५ किलो जेमतेम ५८ लिटरच्या जागेत मावतात. महाराष्ट्राच्या तेरा कोटींचा रोजचा आकडा साडेएकोणीस किलोच्या आसपास येतो. आणि जगातल्या आठशे कोटी माणसांना मिळून वर्षाला लागतं ४४० टनांच्या आत.

जगात दरवर्षी ३० हजार टनांहून जास्त आयोडीन काढलं जातं, त्यातलं निम्म्याहून अधिक एकट्या चिली देशात. म्हणजे माणसांच्या गळ्यांची एकूण गरज उत्पादनाच्या दीड टक्क्याएवढीच. बाकीचं औषधांत, कारखान्यांत, मोबाइलच्या पडद्यांत आणि रुग्णालयांतल्या तपासण्यांत जातं. सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून जे रंगद्रव्य देतात, त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम आयोडीन असतं. रोजच्या १५० मायक्रोग्रॅमने भागलं तर ही एका माणसाची ५४८ वर्षांची बेगमी होते. एका दुपारी, एका टेबलावर, दहा मिनिटांत.

इतकी मुबलक आणि इतकी थोडी लागणारी गोष्ट मुलांना कमी पडावी, हे पटत नाही. पण ती कमी पडली. हिमालयाच्या पायथ्याशी, सातपुड्यात आणि समुद्राला खेटून असलेल्या ओमानमध्येसुद्धा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओमानमध्ये शाळकरी मुलांची देशभर तपासणी झाली, तेव्हा दहातल्या एका मुलाला गलगंड होता. मुलांच्या लघवीतल्या आयोडीनचा मध्यांक लिटरला ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाला. तो किमान १०० असावा अशी अपेक्षा असते. खाल्लेल्या आयोडीनपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून लघवी तपासली की ताटात काय आलं ते कळतं.

ओमानला तीन हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, आणि जो अरबी समुद्र सलालाच्या बंदराला लागतो तोच रत्नागिरीलाही लागतो. मग समुद्राच्या काठावर आयोडीनची चणचण कशी? समुद्राच्या एका लिटर पाण्यात ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. ते पाणी आटवलं की ३५ ग्रॅम मीठ उरतं. सगळंच्या सगळं आयोडीन त्या मिठात राहिलं असं धरलं, तरी एका ग्रॅममध्ये दीड मायक्रोग्रॅमच्या जरा वर. दिवसाचे १५० मायक्रोग्रॅम भरायला ९० ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. प्रत्यक्षात तर तेवढंही मिठात येत नाही. मिठागरात मीठ धरल्यावर खाली जे कडवट पाणी उरतं, त्यातच बरंचसं आयोडीन राहून जातं. लोणच्यासाठी हौसेने आणलेलं जाडं खडे मीठ समुद्राचं असलं, तरी या कामाचं नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत आजही उलटा समज आहे, म्हणून हे इतकं आकडे मांडून लिहावंसं वाटलं.

ओमानच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिथलं पिण्याचं पाणी बऱ्याच अंशी समुद्राचंच असतं. बरका, सोहार, सूर इथल्या प्रकल्पांत ते गोडं केलं जातं. क्षार काढताना त्याबरोबर आयोडीनही बहुतेक निघून जातं. डोंगरांत जबल अखदरच्या बाजूला पावसाने ते हजारो वर्षांपूर्वीच मातीतून धुऊन नेलेलं. उरला मासा, आणि मासा रोज प्रत्येकाच्या ताटात नसतो.

गलगंड म्हणजे नेमकं काय, ते तपासणीच्या वेळी जवळून पाहावं. डॉक्टर मुलाला समोर उभं करतात, मान किंचित वर करायला सांगतात, दोन्ही अंगठे श्वासनलिकेच्या दोन बाजूंना ठेवतात आणि घोटभर पाणी गिळायला लावतात. गिळताना थायरॉइड ग्रंथी बोटांखाली वर सरकते. तिचा एखादा भाग मुलाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठा लागला, तर तो गलगंड. मोजपट्टी नाही, यंत्र नाही. माप त्या मुलाच्याच हाताला जोडलेलं. जगभरची लाखो शाळकरी मुलं याच पेराने मोजली गेली आहेत.

ग्रंथी वाढते कशामुळे? थायरॉइड आयोडीन वापरून थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक बनवते, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातलं हे थायरॉक्सिन सतत जोखत असते. ते कमी पडलं की ती टीएसएच हे स्वतःचं संप्रेरक सोडते आणि गळ्यातल्या ग्रंथीला कामाला जुंपते. या जोखण्यातली नजाकत आकड्यांत बघा. रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन निम्म्यावर आलं, तर टीएसएच दुप्पट किंवा चौपट होत नाही, शंभरपटीच्या आसपास चढतं. इतका ताण महिनोन्‌महिने राहिला की ग्रंथीच्या पेशी वाढतात, फुगतात. गळ्यावर दिसणारी सूज ही थकलेल्या ग्रंथीची जास्तीची मेहनत आहे.

आणि जे जोखायचं ते असतं तरी किती? मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तरसात मोकळं थायरॉक्सिन साधारण १.२ नॅनोग्रॅम, म्हणजे आठ हजार कोटी भागांत एक भाग. इतकं विरळ असूनही त्याची संख्या मात्र डोळे विस्फारणारी आहे: एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे ९० लाख रेणू, प्रत्येकात आयोडीनचे चार अणू. हे मोजण्याची वाट मोकळी झाली ती रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकात किरणोत्सारी खुणा लावून संप्रेरकं मोजण्याची पद्धत काढली त्यामुळे. यालो यांना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. ते मोजता येईपर्यंत नवजात बाळाची ग्रंथी काम करते की नाही, हे कळायला बाळाच्या बुद्धीचं नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

त्या नुकसानाचे आकडे १९७२ साली अमेरिकेत क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. जन्मतःच ग्रंथी मंद असलेल्या ज्या मुलांना तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालं, त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ आला. तीन ते सहा महिन्यांत सुरू झालं त्यांचा सत्तरच्या आसपास. सात महिन्यांनंतर सुरू झालं त्यांचा ५४. ८९ गुणांचं मूल शाळा शिकतं, नोकरी करतं, संसार करतं. ५४ गुणांच्या मुलाला आयुष्यभर कुणीतरी लागतं. आज पहिल्या दोन आठवड्यांत पुरेसं औषध मिळालेली बहुतेक मुलं आपल्या भावंडांच्या बरोबरीने वाढतात.

दोन आठवडेच का? ज्या बाळाला स्वतःची ग्रंथी अजिबात नसते, त्यालाही जन्माच्या वेळी थोडं थायरॉक्सिन मिळालेलं असतं, आईकडून वारेतून आलेलं. बाळाच्या अंगात ते साधारण साडेतीन दिवसांनी निम्मं होतं. सातव्या दिवशी पाव, चौदाव्या दिवशी एक-सोळांश. आईने दिलेली शिदोरी इथे संपत आलेली असते. आणि नेमक्या याच काळात मेंदू झपाट्याने वाढत असतो. जन्मावेळी ३५० ते ४०० ग्रॅमचा मेंदू वर्षाच्या अखेरीला ९०० ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे रोज दीड ग्रॅमच्या आसपास भर पडते.

आईच्या त्या शिदोरीमुळेच अशा बाळांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात. वजन चांगलं, रंग चांगला. पुढे कावीळ लांबते, शी होत नाही, बेंबी बाहेर येते, आवाज घोगरा होतो, जीभ मोठी दिसायला लागते. पण यातलं प्रत्येक लक्षण निरोगी बाळातही दिसतं. बाळ खूप झोपतं, रडत नाही, दुधासाठी उठवावं लागतं. आजी कौतुकाने म्हणते, "किती गुणी बाळ आहे गं, घरात असल्याचा पत्ता लागत नाही." कुणाचाच दोष नसतो. डोळ्यांनी हा आजार वेळेत ओळखता येत नाही, एवढंच खरं.

म्हणून सरसकट तपासणी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्युसो यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून हे मोजून दाखवलं, आणि पाहता पाहता ती पद्धत देशोदेशी गेली. टाचेतून रक्त घ्यायचं तर दोन-तीन दिवस थांबावं लागतं, कारण जन्मल्याबरोबर गर्भाच्या उबेतून बाहेरच्या गारठ्यात आलेल्या बाळाचं टीएसएच अर्ध्या तासात ६० ते ८०पर्यंत उसळी घेतं आणि मग ओसरतं. त्या गडबडीत घेतलेला नमुना निरोगी बाळालाही आजारी ठरवतो. पण बाळबाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी निघाली तर? ओमानने यावर नाळेचा मार्ग धरला. नाळ कापताना वारेकडच्या टोकातून जे रक्त मिळतं, ते उसळीच्या आधीचं असतं. बाळाला टोचावं लागत नाही, कुणाला परत बोलवावं लागत नाही. २००५पासून ओमानमध्ये ही तपासणी देशपातळीवर होते.

ज्या देशात १९७० साली अवघ्या तीन शाळा आणि दोन रुग्णालयं होती, त्या देशाने पस्तीस वर्षांत हे केलं. या गोष्टीपुढे मान तुकवावीशी वाटते. तिथे साधारण २,२०० जन्मांमागे एका बाळाला हा आजार सापडत असल्याचं नव्वदच्या दशकातच दिसलं होतं. वर्षाला सत्तर-ऐंशी हजार जन्म धरले तर पस्तीसेक बाळं. पस्तीस मुलांसाठी पाऊण लाख नळ्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, प्रयोगशाळेत पोचवायच्या. हिशेबी माणसाला हे महाग वाटेल. पण त्या पस्तिसांपैकी एकेकाच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा हिशेब मांडला की महाग काय ते कळतं.

ओमानमध्ये एक गुंता आणखी आहे, आणि तो आपल्याही घरातला आहे. तिथली निम्म्याहून अधिक लग्नं नात्यात किंवा जमातीत होतात, सुमारे चौथाई तर सख्ख्या चुलत-आते-मामे भावंडांत. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं काही कमी नाहीत. बाळाच्या ग्रंथीत आयोडीन पोचतं, पण त्याचं संप्रेरक बनवणारं यंत्र जन्मतः बिघडलेलं असतं, असा या आजाराचा एक प्रकार आहे. यात ग्रंथी मंदही असते आणि मोठीही. गलगंडासह जन्मलेलं किंवा वाढत्या वयात गळा फुगलेलं मूल पुष्कळदा या प्रकारचं निघतं. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच उमटतो. समजा, शंभरात एक माणूस असा दोष अंगात घेऊन हिंडतो आहे आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही. नात्याबाहेर लग्न झालं, तर असं बाळ ४० हजारांत एक. सख्ख्या मामेबहिणीशी झालं, तर तीन हजारांत एक. तेरापट. एका घरात पहिलं मूल असं निघालं, तर पुढच्या प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. तिथे पुढच्या बाळाची तपासणी पहिल्याच दिवसापासून मनावर घ्यायची असते.

जास्तीचं आयोडीनही बाळाला सोसत नाही, हे इथेच सांगायला हवं. जखमेला लावतात त्या दहा टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या एका मिलिलिटरमध्ये दहा हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. तान्ह्या बाळाची दिवसाची गरज ९०. एक मिलिलिटर म्हणजे १११ दिवसांचं. त्यातलं थोडंसं जरी कातडीतून आत गेलं, तरी बाळाची ग्रंथी काही दिवस काम थांबवून बसू शकते. बेंबीला तपकिरी औषध चोपडण्याची सवय असलेल्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्याकडे. मिठात आयोडीन घालून गलगंड हटतो, याचा जगातला एक ठळक पुरावा भारतानेच दिला. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकांच्या तीन भागांत वेगवेगळं मीठ वाटलं. सहा वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांतला गलगंड ३८ टक्क्यांवरून निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला, साध्या मिठाच्या भागात होता तसाच राहिला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ला बंदी आली, २०००मध्ये उठली, २००६मध्ये परत आली. त्या मधल्या सहा वर्षांत किती गर्भांच्या वाट्याला कमी आयोडीन आलं असेल, याचा विचार आला की मन विषण्ण होतं. ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. २०१८-१९च्या देशव्यापी पाहणीत ७६.३ टक्के घरांत ते पुरेसं सापडलं. उरलेल्या घरांत ३० कोटींहून जास्त माणसं राहतात.

मिठाने गलगंड आटोक्यात येतो. पण ज्या बाळाला ग्रंथीच नाही, किंवा चुकीच्या जागी इवलीशी आहे, त्याला मीठ काही करू शकत नाही. त्याला गोळीच लागते, आणि गोळीसाठी आधी ते सापडावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत १,०४,०६६ नवजात बाळं तपासली. आजार निघाला १,१३० बाळांमागे एकाला, चेन्नईत तर ७२७ बाळांमागे एकाला. पाच शहरांचा एकूण दर ओमानच्या त्या जुन्या दराच्या जवळजवळ दुप्पट. देशात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी जन्म होतात. भागाकार केला तर वीस हजार बाळं, दिवसाला ५५ ते ६०.

मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच नवजात बाळांची ही तपासणी करून दाखवली होती. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर ती सुरू केली. २०१३च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ फुटला, तेव्हा त्यातल्या आजारांच्या यादीत जन्मजात मंद थायरॉइडही होता. पण देशातल्या प्रत्येक बाळाची सक्तीची तपासणी आजही नाही. मोठ्या शहरातल्या चांगल्या प्रसूतिगृहात ती होते, तालुक्याच्या गावात बहुधा नाही. मूल कुठे जन्मलं यावर त्याचा बुद्ध्यंक ठरावा, हे मला सहन होत नाही.

आणि औषध तरी केवढं? तीन किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३० ते ४५. पुढे वजनाप्रमाणे वाढत जातं. पहिल्या तीन वर्षांचं सगळं थायरॉक्सिन एकत्र केलं तर ५० ते ५५ मिलिग्रॅम भरतं, तांदळाच्या दोन-अडीच दाण्यांएवढं. गोळीची किंमत रुपया-दोन रुपये. स्वच्छ चमच्यात गोळी चुरायची, आईच्या दुधाचे किंवा पाण्याचे काही थेंब घालायचे, लगेच पाजायची. दुधाच्या बाटलीत मिसळायची नाही, कारण बाळाने अर्धी बाटली सोडली तर अर्धा डोस गेला. लोह किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी द्यायचं नाही, ते गोळीला अंगात शिरू देत नाही. मस्कतमध्ये उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, त्या दिवसांत डबी गाडीत विसरायची नाही. उष्णतेने आणि दमट हवेने गोळीचा कस जातो. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासून डोस जुळवायचा. आजार तात्पुरता असण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षं पूर्ण झाल्यावर डॉक्टर गोळी थांबवून परत तपासतात. त्याआधी आपल्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही.

ओमानमध्ये सहा लाखांहून जास्त भारतीय राहतात, त्यांत मराठी घरंही पुष्कळ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मस्कतमध्ये संसार मांडलेली मुलगीही पाळते. सातव्या-आठव्या महिन्यात ती सांगलीला किंवा चिपळूणला येते, बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत जाते. म्हणजे जे बाळ मस्कतमध्ये जन्मलं असतं तर नाळेच्या रक्तावर आपोआप तपासलं गेलं असतं, ते इकडे विचारल्याशिवाय तपासलं जाईलच असं नाही. प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारावं: टाचेचं रक्त कोणत्या दिवशी घेणार, कुठे पाठवणार, निकाल किती दिवसांत येणार. उत्तर "आमच्याकडे होत नाही" असं आलं, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी टीएसएच आणि टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, तपासून घ्यावं.

आणि फॉर्मवर नंबर लिहिताना थांबावं. तपासणीची साखळी पुष्कळदा तुटते ती इथेच. नमुना जातो, आकडा चढलेला निघतो, प्रयोगशाळा फोन करते आणि फोन लागत नाही. वडिलांचा ओमानचा आठ आकडी नंबर कुणीतरी चुकीच्या कोडसह लिहिलेला असतो, आईचं सिमकार्ड बदललेलं असतं. मामाचा, आजोबांचा, शेजारच्या घरचा, असे तीन चालू नंबर लिहावेत, आणि दहाव्या दिवसापर्यंत कुणाचाच फोन आला नाही तर आपण होऊन करावा.